प्रकल्पांची वाढती किंमत आणि उत्तरदायित्व : गोसीखुर्दच्या निमित्ताने

वैनगंगा नदीवर भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यात उभ्या राहिलेल्या गोसीखुर्द प्रकल्पास महाराष्ट्र शासनाने मार्च १९८३ मध्ये प्रशासकीय मान्यता दिली, तेव्हा १९८१-८२ च्या दरपातळीवर त्याची अंदाजित किंमत ३७२ कोटी २२ लाख रुपये होती. २२ एप्रिल १९८८ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते धरणाची पायाभरणी झाली. भंडारा, नागपूर व चंद्रपूर या तीन जिल्ह्यांत मिळून २ लाख ५० हजार ८०० हेक्टर सिंचनक्षमता निर्माण करावी, असे या प्रकल्पाचे उद्दिष्ट. १९९९ साली किंमत २,०९१ कोटी रुपयांवर गेली. २००८ च्या सुमारास ती ७,७७८ कोटींच्या घरात पोहोचली. २०१२-१३ च्या दरपातळीवर तयार झालेल्या सुधारित अंदाजात ती १८,४९४ कोटी रुपये झाली, आणि त्यानंतरही अंदाज वर चढण्याचे थांबले नाही.

मूळ आकड्याशी तुलना केल्यास १८,४९४ कोटी ही रक्कम जवळजवळ पन्नास पट भरते. उद्दिष्टातील प्रत्येक हेक्टरामागे ती सुमारे ७ लाख ३७ हजार रुपये पडते. हे आकडे अनेकदा छापून आले आहेत आणि ते वाचून संताप व्यक्त करणे सोपे आहे. परंतु संतापाने हिशेब होत नाही. या वाढीपैकी कोणती वाढ अटळ होती, कोणती टाळता आली असती, तिला मान्यता कोणी दिली आणि मान्यता देणाऱ्याने त्याबद्दल कोणापुढे उत्तर द्यावयाचे, हे प्रश्न वेगवेगळे आहेत. सार्वजनिक चर्चेत ते बहुधा एकत्र कालवले जातात, आणि मग त्यांतील एकाचेही उत्तर धड मिळत नाही.

भाववाढीचा वाटा किती ?

किंमतवाढीचा प्रस्ताव मांडला जातो तेव्हा पहिले कारण म्हणून दरवाढीचा उल्लेख येतो. ते खोटे नसते. पण ते किती पुरते, हे तपासून पाहण्याचे साधन सर्वांच्या हाती आहे. घाऊक किमतींचा निर्देशांक १९८१-८२ साली १०० धरला, तर पुढच्या मालिका शासनाने ठरविलेल्या जोड-गुणकांनी सांधून २०१२-१३ पर्यंत तो सुमारे पावणेआठशेवर येतो. म्हणजे एकतीस वर्षांत घाऊक किमती पावणेआठ पट झाल्या. ३७२ कोटी रुपयांना या गुणकाने गुणले असता सुमारे २,९०० कोटी रुपये येतात. प्रत्यक्ष अंदाज आहे १८,४९४ कोटींचा. उरलेल्या पंधरा हजार सहाशे कोटींचे स्पष्टीकरण सर्वसाधारण महागाईने होत नाही.

हा हिशेब ढोबळ आहे, हे मान्य केले पाहिजे. सिमेंट, पोलाद, डिझेल व मजुरी यांचे दर घाऊक निर्देशांकाच्या तालावर चालत नाहीत. जमिनीचा मोबदला तर त्याहून कितीतरी वेगाने वाढला. तरीही ढोबळ हिशेबाचा उपयोग असा की, स्पष्टीकरण देण्याचा भार कोठे आहे ते त्यावरून कळते. दुसरे एक अंतर पाहावे. ७,७७८ कोटींवरून १८,४९४ कोटींपर्यंतची वाढ सव्वादोन पटीहून अधिक आहे. त्या अवधीत घाऊक किमती पावणेदोन पटीसुद्धा झालेल्या नाहीत. एवढ्या अलीकडच्या काळातील वाढीस पायाभरणीच्या वेळची अपुरी माहिती हे कारण देता येत नाही.

मग उरलेली वाढ येते कोठून ? पाटबंधारे खात्यात काम केलेल्या कोणाही अभियंत्यास याचे उत्तर पाठ असते. सर्वेक्षण अपुरे असताना अंदाजपत्रक तयार होते. पाया खोदल्यावर खडक वेगळा निघतो आणि संकल्पचित्र बदलते. कालव्याची लांबी तीच राहते, पण अस्तरीकरण, पूल, जलसेतू यांची भर पडते. मूळ योजनेत नसलेल्या उपसा सिंचन योजना जोडल्या जातात, कारण उंचावरच्या गावांचाही पाण्यावर हक्क असतो व तेथील लोकप्रतिनिधी तो मांडतात. बुडीत क्षेत्रातील कुटुंबांचे पुनर्वसन प्रारंभी फार थोड्या रकमेत उरकण्याचे योजलेले असते. गोसीखुर्दच्या प्रकल्पग्रस्तांसाठी २०१३ मध्ये सुमारे १,२०० कोटी रुपयांचे विशेष पॅकेज जाहीर करावे लागले. एवढी रक्कम मूळ प्रकल्पाच्या संपूर्ण किमतीच्या तिपटीहून जास्त आहे. या विशिष्ट वाढीबद्दल मात्र तक्रार करणे गैर ठरेल. ज्यांची घरे व शेते गेली त्यांना जे द्यावयास हवे होते ते १९८३ च्या अंदाजात धरलेच नव्हते. त्या अर्थी १९८३ चा आकडाच लहान होता, प्रकल्प स्वस्त नव्हता.

आणि सर्वांत मोठे कारण, ज्याची चर्चा सर्वांत कमी होते, ते म्हणजे कामांची संख्या. उपलब्ध निधी शंभर कामांना पुरेल इतका असताना चारशे कामे हाती घेतली, की प्रत्येक काम चौपट वर्षे चालते. चालू राहिलेल्या कामावर आस्थापना, यंत्रसामग्री, वाढीव दर व दावे यांचा खर्च दरवर्षी साचत जातो. एखाद्या काटकसरी अधिकाऱ्याने प्रत्येक देयक डोळ्यांत तेल घालून तपासले तरी हा खर्च वाचत नाही, कारण तो देयकात नसून नियोजनात असतो. नवे काम मंजूर करण्याचा निर्णय राजकीय असतो. त्याचे श्रेय त्याच दिवशी मिळते आणि त्याची किंमत पंधरा वर्षांनी, बहुधा दुसऱ्याच मंत्रिमंडळाच्या कारकिर्दीत, भरावी लागते.

सह्यांची साखळी

अंदाज वाढतो म्हणजे कागदावर नेमके काय घडते, हे पंचायत सदस्यांस व शिक्षकांस माहीत असणे उपयुक्त आहे. शाखा अभियंता मोजमापे घेऊन दरसूचीप्रमाणे अंदाजपत्रक मांडतो. कार्यकारी अभियंता, अधीक्षक अभियंता व मुख्य अभियंता या क्रमाने ते वर जाते. अंदाज योग्य आहे की नाही हे तांत्रिक मान्यतेत पाहिले जाते; तो खर्च करावयाचा की नाही हे प्रशासकीय मान्यतेत ठरते. पहिली मान्यता अभियंत्याची, दुसरी शासनाची. खर्च विहित मर्यादेपलीकडे जाण्याची चिन्हे दिसू लागताच सुधारित प्रशासकीय मान्यता घ्यावयाची असते. खात्यात तिला ‘सुप्रमा’ म्हणण्याची रीत पडली आहे. शब्द मोठा गोड आहे. त्यामागचा व्यवहार तितका गोड असतोच असे नाही.

सुप्रमा ही खर्च करण्यापूर्वी घ्यावयाची परवानगी आहे. परंतु ती अनेकदा खर्च झाल्यानंतर, नाइलाजाची नोंद म्हणून येते. निविदा अंदाजापेक्षा जादा दराने स्वीकारली जाते. निविदेतील परिमाणे वाढतात. बी-१ नमुन्यातील करारात कलम ३८ आहे. निविदेतील परिमाण सव्वापटीच्या पुढे गेले, की जादा परिमाणाचा दर नव्याने ठरतो. करारात नसलेल्या बाबी अतिरिक्त बाब म्हणून मंजूर होतात. यांपैकी प्रत्येक गोष्ट नियमात बसते, प्रत्येकीवर कोणाची ना कोणाची सही असते, आणि त्या सर्वांची बेरीज जेव्हा शासनापुढे येते तेव्हा धरण अर्धे बांधून झालेले असते. अर्धे धरण सोडून द्या असे कोणताही मंत्री म्हणू शकत नाही. निर्णय घेण्याची वेळ निघून गेल्यावर निर्णय मागितला जातो.

१९९६ पासून राज्यात पाटबंधारे विकास महामंडळे स्थापन झाली. कृष्णा खोऱ्याचे महामंडळ पहिले. विदर्भाचे १९९७ मधले. कर्जरोख्यांतून पैसा उभारावा व कामे वेगाने पुरी व्हावीत, हा त्यामागील हेतू. जलसंपदा मंत्री हेच महामंडळांचे अध्यक्ष असल्याने मागणी करणारा व मागणी तपासणारा यांतील अंतर कमी झाले. २००९ या एका वर्षात काही महिन्यांच्या अवधीत विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळाच्या ३८ प्रकल्पांच्या अंदाजित किमती सुमारे ६,६७२ कोटींवरून सुमारे २६,७२२ कोटींवर गेल्या. या वाढीच्या चौकशीसाठी शासनाने समिती नेमली होती. एका किमतीस चौपट होण्याची कारणे असू शकतात. अडतीस किमती एकाच हंगामात चौपट होतात, तेव्हा कारण प्रकल्पांत शोधून भागत नाही. ते कार्यपद्धतीत शोधावे लागते.

गोसीखुर्दच्या बाबतीत आणखी एक पेच आहे. २००९ मध्ये तो राष्ट्रीय प्रकल्प ठरला. या योजनेत त्यावेळच्या निकषानुसार शिल्लक कामाच्या खर्चापैकी ९० टक्के अनुदान केंद्राने द्यावयाचे होते. विदर्भासारख्या मागे राहिलेल्या भागाला अशी मदत मिळाली याचे स्वागतच केले पाहिजे. पण अंदाज एकाने करावयाचा व पैसे मुख्यतः दुसऱ्याने द्यावयाचे, अशी वाटणी झाली की अंदाज आवळून धरण्याची निकड कोणालाच राहत नाही.

गुन्हा आणि निर्णय

२०११-१२ च्या राज्याच्या आर्थिक पाहणीत पिकाखालील क्षेत्रापैकी सिंचित क्षेत्राचे प्रमाण दहा वर्षांत १७.८ टक्क्यांवरून १७.९ टक्के एवढेच झाल्याचे नमूद होते. त्या एका ओळीने वादळ उठले. सप्टेंबर २०१२ मध्ये त्यापूर्वी दहा वर्षे जलसंपदा खाते सांभाळलेल्या तत्कालीन उपमुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला. नोव्हेंबरात शासनाने सिंचनावरील श्वेतपत्रिका प्रसिद्ध केली. डिसेंबरात ते पुन्हा पदावर आले. त्याच महिन्याच्या अखेरीस ज्येष्ठ जलतज्ज्ञ डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली विशेष चौकशी समिती नेमण्यात आली व तिने २०१४ मध्ये अहवाल दिला. पुढे लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे तपास गेला आणि गोसीखुर्दच्या कामांसंबंधी २०१६ पासून गुन्हे नोंदविले गेले. त्यांत अधिकारी व कंत्राटदार यांची नावे आली. माजी मंत्र्यांच्या जबाबदारीविषयी याच विभागाने २०१८ मध्ये उच्च न्यायालयात एक भूमिका मांडली आणि २०१९ मध्ये तिच्या उलट भूमिका मांडली.

या सर्व घटनाक्रमात एक गोष्ट निसटली. फौजदारी न्यायालय विचारते, गुन्हा घडला काय ? पुरावा आहे काय ? हेतू सिद्ध होतो काय ? विधानमंडळाने विचारावयाचा प्रश्न निराळा आहे : निर्णय योग्य होता काय, आणि तो कोणाचा होता ? प्रामाणिकपणे घेतलेला निर्णयदेखील चुकीचा असू शकतो, आणि त्याची जबाबदारी असतेच. राजकीय उत्तरदायित्वाची कल्पना मुळात या जागेसाठी आहे. तिचे काम फौजदारी तपासावर सोपविले की दोन अनिष्ट परिणाम होतात. गुन्हा शाबीत झाला नाही, म्हणजे जबाबदारीच नव्हती, असा समज रूढ होतो. आणि खालच्या सहीचा अभियंता वर्षानुवर्षे न्यायालयाच्या पायऱ्या चढत राहतो, कारण पुरावा त्याच्याच मोजमाप पुस्तिकेत सापडतो. वरचा निर्णय मोजमाप पुस्तिकेत नोंदलेला नसतो.

मंत्र्याच्या जबाबदारीविषयी आपल्याकडे स्पष्ट पूर्वोदाहरण आहे. आयुर्विमा महामंडळाने केलेल्या मुंदडा समभागखरेदीची चौकशी १९५८ साली मुंबई उच्च न्यायालयाचे तत्कालीन मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्या एकसदस्य आयोगाने केली. आपल्या सचिवाने केलेल्या कृतीची घटनात्मक जबाबदारी मंत्र्यास झटकता येत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता, आणि अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला. चौकशी जाहीरपणे झाली आणि काही आठवड्यांत संपली. आजच्या वाचकास या वेगाचेच अधिक नवल वाटेल.

किंमतवाढीच्या बाबतीत मात्र हे तत्त्व तितके सरळ लागू पडत नाही. मार्च १९८३ पासून २०१२ अखेरपर्यंत महाराष्ट्रात अकरा व्यक्तींनी मुख्यमंत्रिपद भूषविले. काहींनी एकाहून अधिक वेळा. त्यांत सर्व प्रमुख पक्षांची सरकारे येऊन गेली. प्रत्येकाने मागून आलेले काम पुढे नेले. अशा प्रकल्पाची पन्नास पट किंमत कोणा एकाच्या माथी मारणे अन्यायाचे आहे, आणि ती कोणाच्याच माथी नाही असे म्हणणे त्याहून अधिक अन्यायाचे आहे. एका प्रकल्पास एक जबाबदार व्यक्ती शोधण्याऐवजी एका सुप्रमेस एक जबाबदार निर्णय शोधावा, हा त्यातल्या त्यात व्यवहार्य मार्ग. प्रत्येक वाढीच्या वेळी कोणती कारणे सांगितली गेली, त्यांतील किती पुढे खरी ठरली, आणि काम थांबविणे, लहान करणे किंवा पुढे ढकलणे हे पर्याय तपासले गेले काय, एवढे तरी नोंदीवरून सांगता आले पाहिजे.

स्कॉटलंडच्या संसदभवनाचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. १९९७ साली एडिंबरो येथील या इमारतीसाठी १ ते ४ कोटी पौंड खर्च सांगण्यात आला होता. २००४ मध्ये, ठरल्या वेळेहून सुमारे तीन वर्षे उशिरा, ती पुरी झाली तेव्हा खर्च ४१ कोटी पौंडांच्या पुढे गेला होता. मधल्या काळात प्रकल्पाचे राजकीय प्रवर्तक डोनल्ड ड्यूअर व वास्तुकार एन्रिक मिरालेस दोघेही २००० साली निवर्तले होते. लॉर्ड फ्रेझर यांनी जाहीर चौकशी करून सप्टेंबर २००४ मध्ये अहवाल दिला. कोणी एक खलनायक नाही, असे त्यांनी म्हटले. पण म्हणून ते तेथे थांबले नाहीत. खर्चाची जोखीम मालकावर टाकणारी करारपद्धती पुरेशी न तपासता निवडली गेली, आणि जोखमीचे जे आकडे अधिकाऱ्यांना ठाऊक होते ते मंत्र्यांपर्यंत पोहोचलेच नाहीत, हे त्यांनी नेमके दाखवून दिले. मंत्र्यास माहीत नव्हते, ही सबब तेथे प्रशासनावरील ठपका बनली. आपल्याकडे तीच सबब बहुधा प्रकरण मिटविण्यास पुरते.

लोकलेखा समितीपर्यंत

भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांचे राज्याविषयीचे अहवाल संविधानाच्या अनुच्छेद १५१ अन्वये राज्यपालांमार्फत विधानमंडळापुढे ठेवले जातात. सिंचन प्रकल्पांची किंमतवाढ व रेंगाळलेली कामे यांवर महाराष्ट्राविषयीच्या अहवालांत वारंवार लिहिले गेले आहे. त्यानंतर अहवाल लोकलेखा समितीकडे जातो, विभागाचे स्पष्टीकरणात्मक ज्ञापन मागविले जाते, सचिवांची साक्ष होते. ही समिती सर्वपक्षीय असते आणि तिचे काम बहुतांशी पक्षभेद विसरून चालते. विधिमंडळातील सर्वांत गंभीर काम कोठे होते असे विचारल्यास जाणकार या समितीच्या दालनाकडे बोट दाखवतील. पण दोन मर्यादा आहेत. परिच्छेद समितीपुढे येईपर्यंत संबंधित अधिकारी बदलून किंवा निवृत्त होऊन गेलेले असतात. दुसरी, संसदीय परिपाठानुसार साक्षीस सचिव येतात, मंत्री येत नाहीत. म्हणजे राजकीय निर्णयाविषयी उत्तर अशा व्यक्तीकडून घ्यावे लागते, जिला तो निर्णय आपला नव्हता असे म्हणण्याचीही मोकळीक नसते.

निर्णयाच्या आधी तपासणी व्हावी यासाठीची तरतूद २००५ च्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियमात आहे. नवे प्रकल्प एकात्मिक राज्य जल आराखड्यास धरून असावेत, असे तो सांगतो. आराखडा तयार होण्यास मात्र दशकाहून अधिक काळ लागला, आणि दरम्यान प्रकल्पांना मान्यता मिळतच राहिल्या.

केंद्र शासनाचे सांख्यिकी व कार्यक्रम अंमलबजावणी मंत्रालय १५० कोटी रुपये व त्यावरील केंद्रीय प्रकल्पांचा आढावा प्रसिद्ध करीत आले आहे. त्यातील एक पद्धत अनुकरणीय आहे : मूळ मान्य किंमत आणि शेवटची मान्य किंमत या दोहोंशी तुलना करून वाढ मांडण्याची. केवळ शेवटच्या मान्य किमतीशी तुलना केली, तर प्रत्येक सुप्रमेनंतर वाढ शून्य होते आणि प्रकल्प कागदावर पुन्हा निष्कलंक बनतो.

हीच खबरदारी गावपातळीवरही घेता येते. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम ८ प्रमाणे वार्षिक लेख्यांचे विवरण, विकास कार्यक्रम, मागील लेखापरीक्षण टिपणी व तिला दिलेली उत्तरे ग्रामसभेपुढे ठेवावी लागतात. जिल्हा परिषदांचा कारभार तपासण्यासाठी विधानमंडळाची पंचायती राज समिती जिल्ह्यात येते. शाळाखोली, पाझर तलाव, पाणीपुरवठा योजना यांसारख्या कामांतही मूळ अंदाज, वाढीव अंदाज व वाढीचे कारण या तीन गोष्टी असतातच. ग्रामसभेच्या विवरणात त्या एकाच ओळीत मांडण्यास नव्या नियमाची गरज नाही. माहितीच्या अधिकाराखाली मागून मिळणारी माहिती आधीच मांडलेली बरी. काही तालुक्यांतील ग्रामसेवक असे करतातही. पुष्कळ ठिकाणी मात्र वाढीव रक्कम विवरणात येते, मूळ रक्कम तीन वर्षांपूर्वीच्या नस्तीत राहते, आणि सदस्यांपैकी कोणी विचारल्यास नस्ती पंचायत समितीकडे गेल्याचे सांगण्यात येते.